जिल्ह्यातली माणसं रोज किती मीठ खातात, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्ह्यात असंसर्गजन्य आजारांचं काम पाहणारे एक तरुण डॉक्टर विचारतात: आमच्या जिल्ह्यातल्या प्रौढ माणसांच्या पोटात रोज सरासरी किती मीठ जातं, हे आम्हाला मोजायचं आहे. आशाताई आहेत, जिल्हा रुग्णालयाची प्रयोगशाळा आहे, निधी बेताचा आहे. घरोघरी जाऊन महिन्याला मिठाचे किती पुडे लागतात ते विचारायचं आणि सोबत तीन-चार हजार लोकांच्या लघवीचा एकेक छोटा नमुना घेऊन तो सूत्रात घालायचा, असा बेत आहे. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. त्यापेक्षा चारशे-साडेचारशे लोकांची चोवीस तासांची अख्खी लघवी नीट गोळा करा. माणशी मेहनत कितीतरी जास्त पडेल, पण हाती येणाऱ्या आकड्यावर भरवसा ठेवता येईल. आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा मोजाल तेव्हा मीठ खरंच कमी झालं की नाही, हे छातीठोकपणे सांगता येईल. हजारो छोट्या नमुन्यांतून ते कधीच सांगता येणार नाही.

लघवीच का, ते आधी पाहू. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यातलं सोडियम आपण मोजतो. आपण जे सोडियम खातो त्यातलं साधारण ९० टक्के दिवसभरात मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, उरलेलं घामातून आणि शौचातून जातं. म्हणजे चोवीस तासांची लघवी हातात आली की माणसाने सांगितलेलं, न सांगितलेलं, विसरलेलं, हॉटेलात खाल्लेलं, लग्नाच्या पंगतीत खाल्लेलं सगळं मीठ त्यात येतं. आठवणीवर विसंबावं लागत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांची लघवी अशीच चोवीस तास जमवली होती आणि सगळे नमुने बेल्जियममधल्या लूव्हेनच्या एकाच प्रयोगशाळेत तपासले होते. त्या ५२ ठिकाणांत आपल्याकडचं नवी दिल्ली आणि लडाखही होतं. ब्राझीलच्या यानोमामी आदिवासींच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हतंच. चीनमधल्या त्यानजिनमध्ये ते दिवसाला २४२ मिलीमोल (प्रयोगशाळेत सोडियम याच एककात मोजतात), म्हणजे सुमारे १४ ग्रॅम मीठ निघालं. इतक्या टोकाच्या आहारांची एका मापाने तुलना करता आली, कारण पद्धत एकच होती आणि प्रयोगशाळाही एकच.

आता तुमचे पुडे. महिन्याला एक किलोचा एक पुडा, घरात पाच माणसं, असा हिशोब केला तर माणशी दिवसाला ६.७ ग्रॅम येतात. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच फसवतो. त्या पुड्यातलं किती मीठ लोणच्यात गेलं, जे वर्षभर पुरणार आहे? किती वाळवणात गेलं? मासे धुवायला, जनावराच्या आंबोणात, गुळण्यांच्या पाण्यात किती गेलं? तीन वर्षांचं पोर आणि नांगर धरणारा बाप यांना सारखाच वाटा कसा द्यायचा? आणि उलट बाजूने, नवरा रोज दुपारी ठेल्यावर वडापाव नाहीतर मिसळ खातो, ते मीठ या पुड्यात नाहीच. पाहुणे आले-गेले ते वेगळंच.

काल काय काय खाल्लं ते विचारून मीठ काढायची पद्धतही आपल्याकडे लंगडी पडते. भाकऱ्या किती, भात किती वाट्या, हे माणूस सांगतो. पण आमटीत मीठ किती पडलं हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि जिने घातलं तिने ते हाताच्या अंदाजाने घातलेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटक तक्त्यांत डाळीतलं, पालेभाजीतलं मूळचं सोडियम मिळेल, तुमच्या घरच्या फोडणीनंतर पडलेलं नाही. आणि आपल्याकडे खरा प्रश्न त्या वरून पडणाऱ्या मिठाचाच आहे. उत्तर आणि दक्षिण भारतात झालेल्या एका अभ्यासात एकूण मिठापैकी ८० टक्क्यांहून जास्त मीठ घरच्या स्वयंपाकात घातलेलं निघालं. ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. तिथे बहुतेक मीठ पाव, सॉसेज, चीज, तयार जेवण यांतून येतं. म्हणून तिकडच्या प्रश्नावल्या मराठीत उतरवून वापरू नका. त्या पावाबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि आपल्या मिठाच्या डब्याबद्दल एक.

मात्र विचारपूस अजिबात टाकून देऊ नका. मीठ किती हे लघवी सांगते, कुठून आलं हे सांगत नाही. सोडियमच्या अंगावर पापडाचं की भाताचं असं लिहिलेलं नसतं. त्यासाठी तुमच्या चारशेपैकी साठ-सत्तर घरांत मिठाचा डबा तोलायचं काम करा. स्वयंपाकघराचा डिजिटल काटा घ्या, सात दिवस रोज सकाळी एकदा डबा तोला, त्या आठवड्यात लोणचं-पापडाचं काही काढलं का, कोण कोण घरी जेवलं, हे एका वहीत लिहून घ्या. जाडं मीठ आणि बारीक मीठ वेगळं तोला, बऱ्याच घरांत दोन्ही असतं. उपासाला शेंदेलोण वापरतात त्याचाही डबा तोला. शेंदेलोण हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, उपासाच्या दिवशी मीठ सुटतं असं समजू नका. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं आणि ते लघवीत येतं, पण मिठाच्या डब्यात दिसत नाही. भजी, ढोकळा, पापड भरपूर खाणाऱ्या घरांत या फरकाकडे लक्ष द्या.

छोट्या नमुन्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोह तिथेच होतो. लघवीच्या एका नमुन्यातलं सोडियम आणि क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीतून बाहेर पडणारा पदार्थ) मोजायचं, वय, वजन, उंची घालायची आणि सूत्रातून दिवसाचं मीठ काढायचं. कावासाकी, तानाका आणि इंटरसॉल्ट ही तीन सूत्रं जास्त वापरात आहेत. पहिली दोन जपानी लोकांवरून बांधलेली, तिसरं युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून. विदर्भातल्या ४५ किलोच्या शेतमजूर बाईला ती जशीच्या तशी लागू होतील, असं मानायला आधार काय? त्याहून मोठी अडचण ही की सूत्रं सगळ्यांना मध्याकडे ओढतात. कमी मीठ खाणाऱ्याचा आकडा फुगतो, जास्त खाणाऱ्याचा आकसतो. मीठ नऊ ग्रॅमवरून सातवर आलं तरी सूत्र कदाचित साडेआठवरून आठच दाखवेल, आणि तुमचा कार्यक्रम फसला असं वाटेल. शिवाय सूत्रात वजन असतं, त्यामुळे लोक नुसते जाड झाले तरी मीठ वाढल्यासारखं दिसतं. सकाळच्या लघवीत आणि संध्याकाळच्या लघवीत सोडियमचं प्रमाण वेगळं असतं, पाणी किती प्यालं यावर ते आणखी हलतं.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये असेच एकेक नमुने घेतले गेले. देशातल्या प्रौढांचं मीठ दिवसाला सरासरी ८ ग्रॅम, पुरुषांचं ८.९ आणि बायकांचं ७.१ असं निघालं. एवढ्या मोठ्या देशाचा ढोबळ अंदाज म्हणून ते काम मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे आणि आपण तिच्या कितीतरी वर आहोत, एवढं त्यातून नक्की कळतं. पण तुमच्या जिल्ह्याचा चोवीस तासांच्या लघवीवरून आलेला आकडा या ८ शेजारी ठेवून 'आम्ही देशाच्या पुढे' किंवा 'मागे' असं म्हणू नका. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टी आहेत. पुरुष-बायकांमधला फरकही अशा ठिकाणी सावधपणे वाचावा. इंटरसॉल्टचं सूत्र दोघांसाठी वेगळं आहे, त्यामुळे काही फरक सूत्रातूनच आलेला असू शकतो.

आता प्रत्यक्ष काम. बाकी सगळं जमलं आणि हे बिघडलं तर काही उपयोग नाही, म्हणून तुमच्या आशाताईंना दोन पूर्ण दिवस यासाठीच द्या.

पद्धत कागदावर सोपी आहे. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी टाकून द्यायची आणि घड्याळातली वेळ लिहायची. त्यानंतर दिवसभरातली, रात्रीची, प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण त्याच वेळी उठल्यावरची लघवीही कॅनमध्ये, आणि पुन्हा वेळ लिहायची. चूक होते ती पहिल्याच पायरीला. पहिली लघवी टाकायची आहे हे लोकांना विचित्र वाटतं. 'तपासायला सकाळची पहिलीच द्यायची असते' हे दवाखान्याने वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. म्हणून आशाताईंनी शक्यतो पहिल्या सकाळी स्वतः घरी असावं. काकूंना म्हणावं, "आत्ताची तेवढी संडासात जाऊ दे, हिशोब आत्तापासून सुरू", आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी.

दुसरी गळती शौचाच्या वेळी होते. उकिडवं बसल्यावर लघवी आपोआप होते आणि ती वाया जाते. दिवसातली एक चांगली मोठी लघवी अशी निसटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण विचारलं तर माणूस खरंच सांगतो की मी सगळी धरली. 'आधी मगमध्ये लघवी, मग शौचाला' हे वाक्य प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घ्या.

बायकांना कॅनच्या तोंडात थेट लघवी करता येत नाही. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा मग द्या, त्यातून कॅनमध्ये ओतायची. शेतावर, रोजगार हमीच्या कामावर, बसडेपोत, दुकानात दिवस घालवणाऱ्यांना घरचा तीन लिटरचा कॅन कसा नेता येईल? त्यांना झाकणाची एक लिटरची बाटली आणि मग, दोन्ही मावतील अशी जाड कापडी पिशवी द्या, संध्याकाळी घरी येऊन कॅनमध्ये रिकामी करायची. पिशवीवर आरोग्य खात्याचं नाव, चित्र, काहीही नको. कॅन पारदर्शक नको. चाळीत सामाईक संडासाकडे जाताना हातात काय आहे हे शेजाऱ्यांना कळलं तर त्या घरातली सून तिसऱ्यांदा कॅन नेणारच नाही. आठवण राहावी म्हणून इंग्लंडच्या सर्वेक्षणात लोकांना कपड्यांना लावायला सेफ्टी पिन देत असत. आपल्याकडे साडीच्या निऱ्यांना किंवा सलवारच्या नाडीला पिन लावली की काम होतं: लघवीला बसताना हात तिथे जातोच.

दुसऱ्या दिवशी कॅन घेताना प्रश्न असा विचारा की खरं उत्तर देणं सोपं जाईल. 'सगळी धरली ना?' असं विचारलं की 'हो' येणारच. 'बहुतेकांची एखादी वेळ तरी राहून जाते, तुमची कधी राहिली?' असं विचारा. एकापेक्षा जास्त वेळा राहिली असेल तर राग न दाखवता नवा कॅन द्या, दुसरा दिवस ठरवा. आणि आशाताईंचा मोबदला भरलेल्या कॅनवर ठेवू नका, भेटींवर ठेवा. कॅन भरलेला दिसावा म्हणून कोणी पाणी घातलं तर एकूण सोडियम बदलत नाही, कारण आपण प्रमाण आणि आकारमान यांचा गुणाकार करतो. पण घरातल्या दुसऱ्याची लघवी त्यात पडली की तो नमुना गेला, आणि मोबदल्याचा ताण असला की हे होतं.

कोणाला घेऊ नये तेही ठरवून ठेवा: गरोदर बायका, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचे रुग्ण, नुकतंच लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध सुरू झालेले. पाळी चालू असलेल्या बाईला वगळू नका, आठवड्याने पुन्हा जा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मात्र सरसकट बाहेर काढू नका, तेही तुमच्याच जिल्ह्यातले आहेत.

लघवी पूर्ण आली की नाही, हे तपासायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लाच्या गोळ्या. ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसभरात घ्यायच्या. त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त औषध लघवीत परत सापडलं तर नमुना पूर्ण. इंग्लंडमध्ये ही पद्धत वापरली गेली. जिल्हा पातळीवर मी ती सुचवणार नाही. नैतिक समितीला समजावणं, प्रत्येकाने तिन्ही गोळ्या वेळेवर घेणं, प्रयोगशाळेत वेगळी चाचणी बसवणं, आणि कोणी पॅरासिटामॉल घेतलं असेल तर साध्या रंगपद्धतीत होणारा घोळ, एवढं सांभाळणं कठीण आहे.

तुमच्या हाताशी क्रिएटिनिन आहे, तेवढ्यावर काम भागतं, पण डोळे उघडे ठेवून. प्रचलित नियमात वजनाच्या दर किलोमागे २१ मिलिग्रॅम क्रिएटिनिन धरतात आणि त्याच्या ७० टक्क्यांहून कमी आलं तर नमुना अपुरा समजतात. हा मापदंड धष्टपुष्ट, मांसाहारी युरोपीय शरीरांचा आहे. ४५ किलोच्या बाईसाठी ही सीमा सुमारे ६६० मिलिग्रॅम येते. साठीतली, अंगात स्नायू कमी असलेली, शाकाहारी बाई सगळी लघवी प्रामाणिकपणे देऊनही या सीमेखाली जाऊ शकते. अशा बायकांना वगळलं की कमी खाणारी, कमी मीठ खाणारी माणसंच यादीतून जातात आणि तुमची सरासरी वर सरकते. म्हणून ५०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, २० तासांपेक्षा कमी किंवा २८ पेक्षा जास्त वेळ, आणि एकाहून जास्त वेळा निसटल्याची कबुली, या तीन कसोट्यांना मी पहिलं स्थान देते. क्रिएटिनिनची कसोटी लावून एक आणि न लावता एक, अशा दोन सरासऱ्या अहवालात द्या. कसोट्या नमुने गोळा करण्याआधी लिहून ठेवा, आकडे पाहून नाही.

किती नमुने गळतील? दिल्ली-हरियाणा आणि आंध्र प्रदेशात झालेल्या एका चांगल्या अभ्यासात १,३९५ लोक घेतले होते, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांशांचेच पूर्ण नमुने हिशोबात धरता आले. तिथलं मीठ दिल्ली-हरियाणात ८.५९ आणि आंध्रात ९.४६ ग्रॅम निघालं. चोवीस तासांची लघवी आहे, त्यामुळे तुमच्या आकड्याची तुलना करायची तर अशा अभ्यासाशी करा.

घामाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याला फारतर एखादी ओळ मिळते. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याला उन्हात राबणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याने दोन लिटर घाम गाळला आणि घामात लिटरमागे ४० मिलीमोल सोडियम असलं, तर ८० मिलीमोल, म्हणजे जवळपास ४.७ ग्रॅम मीठ लघवीत न येता अंगावरच वाळलं. सवयीने घामातलं मीठ कमी होतं हे खरं, तरी उरतं ते थोडं नाही. अशा वेळी लघवीवरून 'शेतमजूर कमी मीठ खातात, कार्यालयात बसणारे जास्त' असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल. म्हणून गोळा करायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा. निधी पुरला तर त्यातल्या पन्नासेक लोकांची एप्रिल-मेमध्ये पुन्हा घ्या, म्हणजे तुमच्या जिल्ह्यात उन्हाळा किती मीठ लपवतो ते कळेल. भावी कामासाठी ही माहिती फार उपयोगी पडेल.

वारांचंही भान ठेवा. सगळे कॅन सोमवार ते शुक्रवार घेतले तर रविवारचं मटण, बाजाराच्या दिवशीची भजी निसटतात. रविवारीही काही घरं ठेवा. दिवाळीचा फराळ, नवरात्राचे उपास, रमजान, गावची जत्रा हे दिवस टाळा. पण लोकांच्या साध्या उपासाचा दिवस आला तर येऊ द्या. गुरुवार किंवा एकादशी करणं हा त्यांच्या आहाराचाच भाग आहे.

चारशेचा आकडा मी कुठून आणला? प्रौढांत दिवसाच्या सोडियमचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांचे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, साधारण ६० मिलीमोल धरा. १०० लोक असतील तर सरासरी दोन्ही बाजूंना सुमारे १२ मिलीमोलच्या आत सापडते, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास. पण तुम्हाला पुढे जाऊन एक ग्रॅमचा फरक ओळखायचा आहे. एक ग्रॅम मीठ म्हणजे १७.१ मिलीमोल सोडियम. ८० टक्के खात्रीने तो फरक पकडायला दर फेरीला सुमारे १९३ लोक लागतात. गावं आणि वॉर्ड निवडून तिथली घरं घ्याल, शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या चवी मिळत्याजुळत्या असतात, म्हणून दीडपट करा: २९०. तीस टक्के नमुने गळतील असं धरलं की ४१४. स्त्री-पुरुषांचे किंवा शहर-गावाचे वेगळे आकडे हवे असतील तर प्रत्येकासाठी हा हिशोब स्वतंत्र करावा लागेल. निधी बेताचा असताना मी एकच आकडा चांगला काढीन. इंग्लंडने २०१४ साली सगळ्या देशासाठी पूर्ण नमुने सातशेच्या आतच घेतले होते आणि त्यातून २००५-०६ मधलं ८.८ ग्रॅम मीठ ८.० वर आलं हे दाखवता आलं.

प्रयोगशाळेचं काम त्या मानाने सरळ आहे. रिकाम्या कॅनचं वजन आधी झाकणावर लिहून ठेवा आणि भरलेला कॅन तोला, खुणेच्या रेषा पाहत बसू नका. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर धरायला हरकत नाही. कॅन चांगला हलवून मगच छोट्या नळ्या भरा, न हलवता वरचं घेतलं की सगळी मेहनत वाया. सोडियम सहज नासत नाही, बोरिक अ‍ॅसिड घालायचं ते जिवाणू आणि वास रोखायला, क्रिएटिनिन जपायला. दोन नळ्या जास्तीच्या भरून उणे २० अंशांवर ठेवा. त्याच लघवीतून पोटॅशियम मोजा, आहारात भाज्या-फळं किती याचा अंदाज येतो. आणि आयोडिनही मोजता येईल. मीठ कमी करा म्हटलं की आयोडिनचं काय, हा प्रश्न येणारच, त्याचं तुमच्याच जिल्ह्यातलं उत्तर तुमच्याकडे असेल.

हिशोब असा. समजा १.८५ लिटर लघवी, लिटरमागे ८२ मिलीमोल सोडियम. गुणाकार १५१.७. गोळा केली २३ तास, म्हणून २४ ने गुणून २३ ने भागा: १५८.३. त्याला १७.१ ने भागलं की ९.३ ग्रॅम मीठ. घाम-शौचातून जाणाऱ्यासाठी आणखी ०.९ ने भागलं तर १०.३. काही अहवाल भागतात, काही भागत नाहीत, आणि वाचणारे दोन्ही एकाच पंगतीला बसवतात. तुम्ही मूळ ९.३ चाच आकडा मुख्य ठेवा, दुरुस्त केलेला शेजारी द्या, आणि दोन्ही कसे काढले ते अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.

एका दिवसाच्या लघवीवरून समूहाची सरासरी चांगली कळते, एका माणसाची सवय कळत नाही. काल हळदीच्या जेवणात पापड-लोणचं खाल्लेल्याचा आकडा आज १५ येईल आणि परवा ७. म्हणून 'जिल्ह्यातले इतके टक्के लोक ५ ग्रॅमच्या वर' असं एका दिवसाच्या नमुन्यावरून जाहीर करू नका, ती टक्केवारी चुकीची निघते. ते सांगायचंच असेल तर शंभरेक लोकांची दोन-तीन आठवड्यांनी दुसरी चोवीस तासांची लघवी घ्या, आणि त्यावरून रोजच्या चढउतारांचा भाग वेगळा काढा.

लोक आपला आकडा मागतील. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाला नुसतं 'धन्यवाद' म्हणून परत पाठवणं बरं नाही. त्याला रक्तदाब लगेच सांगा, १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी तिथेच द्या. मिठाचा आकडा गावाचा सांगा, एकट्याचा नाही. गावसभेत सरपंचांसमोर आणि बचत गटाच्या बायकांसमोर तोललेल्या डब्यांची माहिती मांडा. स्वयंपाक करणाऱ्यांशी बोलायला तीच सगळ्यात कामाची आहे.

दुसरी फेरी त्याच महिन्यांत, त्याच प्रयोगशाळेत, त्याच कसोट्यांनी करा. मधल्या काळात यंत्र बदललं तर गोठवून ठेवलेल्या जुन्या नळ्या नव्या यंत्रावर पुन्हा चालवा आणि दोन्ही निकाल अहवालात शेजारी-शेजारी छापा.